मायाका रिव्हर स्टेट पार्क, फ्लोरिडा: आईबाबांना न्यायचं असेल तर हिवाळ्यातच न्या

सरळच सांगते, जानेवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर पाचपैकी साडेचार स्टार, आणि जुलै-ऑगस्टला गेलात तर दोन, ते पण झाडांकडे बघून. पार्क तेच, नदी तीच, पण पाणी किती आहे त्यावर तिथलं सगळं ठरतं. गेटर (म्हणजे अ‍ॅलिगेटर, मगरीचा अमेरिकन भाऊबंद) दिसणार का, पक्षी कुठं उतरणार, मासा लागणार का, ट्रेलवर कोरड्या पायाने चालणार की पोटरीभर पाण्यातून, सगळं. आणि आपल्याकडे भारतातून आईबाबा येतात ते नेमके मे ते ऑक्टोबर, कारण अमेरिका म्हटलं की थंडी हे डोक्यात पक्कं बसलेलं. ते न्यू जर्सी-मिशिगनवाल्यांना ठीक आहे हो, पण फ्लोरिडात राहणाऱ्यांनी पण भर पावसाळ्यात का बोलवायचं त्यांना? आम्ही यावेळी हट्टाने जानेवारीत बोलावलं, संक्रांत इथंच केली, आणि त्यानंतर जिथं कुठं नेलं त्यात बाबांना सगळ्यात आवडलं ते हे. डिस्नी सुद्धा याच्या मागे. आईचं मत वेगळं आहे, ते पुढे येईलच.

कुठं आहे तर सॅरासोटापासून आत. टॅम्पाहून सव्वा तास धरा, आय-७५ वरून एक्झिट २०५ घ्यायची आणि क्लार्क रोड म्हणजेच स्टेट रोड ७२ ने पूर्वेला साधारण ९ मैल. एका गाडीचे ६ डॉलर, त्यात ८ जणांपर्यंत चालतात, म्हणजे मिनीव्हॅन भरून घेऊन जा. सकाळी ८ ला उघडतं, सूर्यास्ताला बंद, वर्षाचे ३६५ दिवस. आकार ५८ चौरस मैल, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या जवळजवळ दीडपट, तर "दुपारी दोन तास जाऊन येऊ" असं ठरवून जाणाऱ्यांनी खुशाल समुद्रावर जावं.

थोडी माहिती, कारण बाबांनी मला विचारून विचारून हैराण केलं आणि मला ती वाचावीच लागली. १९३० च्या दशकात महामंदी होती तेव्हा सरकारने बेकार तरुणांना कामाला लावायची एक योजना काढली होती, सीसीसी म्हणून, त्या पोरांनी इथले रस्ते, लाकडाच्या केबिन, शेड वगैरे बांधले. १९३४ ला सरकारने जमीन घेतली, शिवाय त्या भागात मोठी जमीनदारी आणि गुरांचं रँच असलेल्या बर्था पामर नावाच्या शिकागोच्या श्रीमंत बाई होत्या, त्या गेल्यावर त्यांच्या मुलांनी त्यांच्या आठवणीत थोडी जमीन दिली, आणि १९४१-४२ च्या सुमारास पार्क लोकांसाठी खुलं झालं. फ्लोरिडातल्या सगळ्यात जुन्या आणि मोठ्या स्टेट पार्कांपैकी एक. बाबांचं यावर एकच म्हणणं, आपल्याकडची रोजगार हमी पण अशीच दुष्काळात आली. बरोबरच आहे, १९७२ च्या.

आता पाण्याचं. मायाका नदी पार्कातून वाहताना दोन ठिकाणी पसरते, अप्पर लेक आणि लोअर लेक, दोन्ही उथळ. आजूबाजूला सगळं सपाट, त्यामुळे जून ते सप्टेंबरच्या पावसात पाणी वर चढत नाही, नुसतं पसरत जातं, जंगलात, गवतात, रस्त्यावर. मग गेटर पण पसरतात, पक्षी पण पसरतात, आणि तुम्हाला काय दिसतं तर पाणी आणि डास. नोव्हेंबरनंतर पाऊस थांबला की पाणी मागे मागे सरकतं आणि मासे उरलेल्या डबक्यांत गोळा होतात, माशांच्या मागे पक्षी, पक्ष्यांच्या आणि माशांच्या मागे गेटर. मार्च-एप्रिलला तर सगळी वस्तीच एका ठिकाणी, आपल्याकडे मे महिन्यात टँकरभोवती गाव जमतं तसं. सप्टेंबर २०२२ च्या इयन वादळात ही नदी इतकी फुगली होती की आय-७५ चा एक भाग बंद करावा लागला होता, पार्कही बंद पडलं होतं, आणि मग ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन वादळ सॅरासोटाजवळच्या सिएस्टा की बेटाला थडकलं तेव्हाही पार्क बंदच. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर कुठला रस्ता बंद, कुठला ट्रेल बंद ते बघाच, हा पाच मिनिटांचा उद्योग आहे पण लोक करत नाहीत आणि गेटवरून परत जाताना दिसतात.

आत शिरलं की ७ मैलांचा पार्क ड्राइव्ह आहे, दोन्ही बाजूंनी लाइव्ह ओकची म्हातारी झाडं रस्त्यावर वाकलेली आणि त्यांच्या फांद्यांवरून राखाडी स्पॅनिश मॉसच्या जटा लोंबतायत. आई म्हणाली रात्री इथं मी पाऊल टाकणार नाही. नदीवरच्या पुलावर गाडी लावायला थोडी जागा आहे तिथं थांबा, खाली हमखास गेटर असतात. पाणी एकदम चहासारखं काळपट, घाण नाहीये ते, झाडांच्या पानांतलं टॅनिन उतरतं त्यात. बाबांनी पुलावरून खाली बघितलं आणि पहिलं वाक्य, "ही एवढीशी? औदुंबरला या म्हणावं." आमचं गाव कृष्णाकाठचं, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत हे सांगलीवाल्यांना माहिती आहेच, त्यामुळे बाबांना मगर दाखवायला ६ डॉलर घालवणं म्हणजे कोकणी माणसाला समुद्र दाखवण्यासारखं. पण मग रेंजर बाईंनी त्यांना फरक सांगितला, की गेटरने तोंड मिटलं की खालचे दात आत जातात, दिसत नाहीत, मगरीचा खालचा एक मोठा दात बाहेर दिसत राहतो, आणि मग पूर्ण दिवसभर बाबा प्रत्येक गेटरच्या तोंडाकडे बघत बसले. थंडीत एक लक्षात ठेवा, सकाळी अगदी लवकर गेटर पाण्यातच असतात, ऊन वर आलं की अंग शेकायला काठावर येतात, त्यामुळे गेटरसाठी दहानंतरची वेळ बरी, आणि पक्ष्यांसाठी अर्थातच उघडल्या उघडल्या.

पक्ष्यांसाठी अप्पर लेकवर लाकडी बोर्डवॉक आहे, बर्ड वॉक म्हणतात, गुडघे दुखणाऱ्या मंडळींना एकदम सोयीचा, व्हीलचेअर पण जाते. आई तिथंच रमली. गुलाबी स्पूनबिल होते, आणि जो येतो तो लांबून फ्लेमिंगो फ्लेमिंगो ओरडतो, तसे नाहीत ते, चोच बघा, टोकाला चमच्यासारखी चपटी. आपल्या भिगवणला येतात ते चमचे पांढरे असतात, हे गुलाबी, रंग त्यांच्या खाण्यातल्या झिंग्या-बिंग्यांमुळे. वुड स्टॉर्क, लिंपकिन, ऑस्प्रे, आणि सँडहिल क्रेन, हे कपाळावर लाल टिळा लावलेले चांगले चार फुटी क्रौंच, जोडीने चालत गाडीसमोरून जातात आणि तुम्ही थांबायचं. आणि गिधाडं. खूप. काळी गिधाडं पार्किंगमध्ये कावळ्यासारखी फिरत असतात. फ्लोरिडात ही गिधाडं वायपरचं रबर आणि खिडक्यांचं सील कुरतडतात म्हणून बदनाम आहेत, तेव्हा नवी गाडी असेल तर जरा बघून लावा. आईला मात्र ती किळसवाणी वाटली नाहीत, उलट बराच वेळ बघत होती, म्हणाली लहानपणी गावाबाहेर अशी बसलेली असायची गं, मग दिसेनाशीच झाली. आपल्याकडे जनावरांना दुखण्यावर द्यायचे त्या डायक्लोफेनॅक औषधाने, ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली, २००६ ला त्यावर बंदी आली तोवर जवळजवळ सगळी गेली होती. ही जात वेगळी आहे, पण तिला काय, गिधाड ते गिधाड.

डीप होल. यासाठीच हे लिहायला बसले खरंतर. पार्कचा हायवेच्या दक्षिणेकडचा साधारण ७,५०० एकरांचा तुकडा वाइल्डरनेस प्रिझर्व्ह म्हणून वेगळा ठेवलाय, त्यात लोअर लेक आणि त्याच्या काठाशी हे डीप होल, म्हणजे खालचा चुनखडक विरघळून जमीन खचली आणि शंभराहून जास्त फूट खोल खड्डा झाला तो. आजूबाजूचं तळं आटलं तरी इथं पाणी राहतं, म्हणून कोरड्या दिवसांत गेटर इथं जमा होतात, आणि जमा म्हणजे दहा-वीस नाही हो, शंभरावर. काठावर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडलेले. दिवसाला फक्त ३० लोकांना परवाना, जो आधी येईल त्याला, त्यामुळे जानेवारी ते मार्च शनिवार-रविवारी गेट उघडायच्या आधीच गाड्यांची रांग असते, तुम्ही नऊला निवांत पोहे खाऊन आलात तर संपलं. जमेल तर आठवड्यातला मधला वार धरा. एका बाजूने सव्वादोन मैलांच्या आसपास चालणं आहे, सुरुवातीला ओकची सावली, मग नुसतं मोकळं गवत आणि डोक्यावर ऊन, पाणी माणशी लिटरभर तरी हवंच, आणि बाथरूम वगैरे आधीच उरकून घ्या.

आई आली नाही, नवरा आणि ती बर्ड वॉकला राहिले. मी आणि बाबा गेलो. औदुंबरला या म्हणणारा माणूस तिथं पोहोचल्यावर बराच वेळ काही बोललाच नाही, मग हळूच मोजायला लागले, साठ-पासष्टला सोडून दिलं. आवाज येतो त्यांचा, नाकातून हवा सोडल्यासारखा, आणि मधूनच पाण्यात एखादा मासा धरला की फाडकन. कुंपण नाही, जाळी नाही, रेंजर उभा नाही. त्यामुळे अक्कल आपली आपण वापरायची, लांब राहायचं, पाण्याच्या कडेला जायचंच नाही, पोरांचा हात सोडायचा नाही, आणि तुमच्या मागच्या गवतात पण एखादा असू शकतो हे लक्षात ठेवून चालायचं. एक मोठा ग्रुप आला होता, कुठले ते सांगत नाही, आपण सगळे समजून घ्या, सेल्फीसाठी इतके पुढे की माझाच जीव वर. आणि पुलावर दुसरे कोणी चिप्स टाकत होते खाली. फ्लोरिडात गेटरला खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला कारण आहे. माणूस म्हणजे खाणं हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की तो माणसाकडे यायला लागतो आणि मग त्यालाच मारावं लागतं. आईने पण चपातीचा तुकडा पर्समधून काढला होता पक्ष्यांना, सवय हो, तुळशीबागेच्या गणपतीला जाणारी बाई, दिसला पक्षी की टाक दाणे. दटावलं तर दिवसभर फुगून.

हायकिंगबद्दल सह्याद्रीवाल्यांना आधीच सांगून ठेवते. हायकिंग शब्दावर जाऊ नका. चढ नाही. उतार नाही. अख्ख्या फ्लोरिडातली सगळ्यात उंच जागा ३४५ फूट आहे आणि ती पण इथं नाही, पार वर अलाबामाच्या बॉर्डरला. इथं ३९ मैलांच्या बॅककंट्री ट्रेल आहेत, एकाला एक जोडलेल्या लूपमध्ये, पाठीवर टेंट घेऊन दोन-तीन दिवस चालणारे पण असतात, पण ज्याला राजगड-तोरणा करून पाय दुखायची सवय आहे त्याला इथं वेगळं काहीतरी शोधावं लागेल. मला ते गवताळ ड्राय प्रेअरीत सापडलं. कंबरेइतकं गवत, सॉ पाल्मेटोची बुटकी, ताडासारख्या पानांची झुडपं, क्षितिजापर्यंत काहीच नाही, आणि मधेच पाइनची काळी पडलेली खोडं. ही आग लागून नाही, लावून. पूर्वी विजेने आपोआप आगी लागायच्या, त्यावर हे गवत टिकून होतं, मधे माणसांनी आगी विझवायला सुरुवात केली तर झुडपं माजली आणि गवत मरायला लागलं, म्हणून आता पार्कवालेच ठरावीक वर्षांनी भाग पाडून जाळतात. बाबा म्हणे आमच्याकडे डोंगराला वणवा लावतात त्यांना फॉरेस्टवाले शोधत फिरतात आणि इथं फॉरेस्टवालेच काडी लावतात! दोन्ही बरोबर आहे, जागा वेगळ्या आहेत, पण हे समजावण्यात एक मैल गेला.

कॅनपी वॉकवे म्हणून झाडांच्या शेंड्यातून जाणारा झुलता पूल आहे, २००० साली बांधला, झाडांच्या माथ्यावरच्या जीवसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट लोमन या शास्त्रज्ञ बाईंचा त्यात मोठा वाटा. जमिनीपासून २५ फुटांवर, शंभरेक फूट लांब, आणि शेवटी ७४ फुटी टॉवर. पूल हलतो. आई अर्ध्यातून परत. टॉवरवरून मात्र बघाच, खालून जंगल घनदाट वाटतं आणि वरून कळतं की झाडांचा पट्टा किती छोटा आहे आणि पलीकडे ओलसर गवत किती लांब पसरलंय. डागडुजीसाठी कधी बंद असतो, तेही साइटवर बघा. बोट टूर पण आहे तळ्यावर, तासाभराची, चालता न येणाऱ्यांसाठी चांगली, आम्ही केली, ठीक होती.

आता मासेमारी, आणि इथं आईबाबा आणणाऱ्यांनी नीट वाचा. फ्लोरिडात ६५ च्या वर वय असलं की फिशिंग लायसन्स लागत नाही असं सगळे सांगतात. अर्धवट आहे. ती सूट फ्लोरिडाच्या रहिवाशांना. व्हिजिटर व्हिसावर आलेले आपले सत्तरीचे बाबा नॉन-रेसिडेंट, त्यांना लायसन्स लागतं. ३ दिवसांचं १७ डॉलर, ७ दिवसांचं ३०, ऑनलाइन काढता येतं, वर थोडी फी. १६ च्या आतल्या पोरांना नाही लागत. आणि साध्या काठीला दोरा-गळ बांधून, रीळ नसलेली, तशी मासेमारी बिनलायसन्स चालते पण ती पण रहिवाशालाच आणि स्वतःच्या काउंटीतच. बाबांना हे कळल्यावर भयंकर राग आला, कृष्णेत पन्नास वर्षं गळ टाकला कुणी कागद विचारला नाही वगैरे. काढलं शेवटी. पैसे वाचवायचे तर एप्रिलचा पहिला आणि जूनचा दुसरा शनिवार-रविवार गोड्या पाण्यात सगळ्यांना लायसन्सशिवाय परवानगी असते, जूनचा मी सुचवणार नाही.

मासे कोणते तर लार्जमाउथ बास, ब्लूगिल, कॅटफिश, आणि समुद्रातून वर आलेला एखादा स्नूक. बास दिवसाला ५ आणि त्यात १६ इंचांवरचा एकच, फूटपट्टी जवळ ठेवा, तपासतात. बाबांनी कणकेची गोळी लावायचा आग्रह धरला होता पण गांडुळालाच लागला मासा, तळहाताएवढे ब्लूगिल, एकामागे एक, बास काही आला नाही. पाण्यात तिलापिया दिसला मोठा तर एकदम उभे राहून "अगं चिलापी! चिलापी आहे ही, उजनीतली!" शेजारचा गोरा माणूस दचकला. चिलापी इथं पण बाहेरूनच आलेली, तिकडे पण बाहेरूनच, आणि दोन्हीकडे मूळच्या माशांची जागा खाऊन बसलीय, पण ती गळाला फारशी लागत नाही, बाबा तासभर तिच्या मागे होते. पकडलेले मासे दोरीला ओवून पाण्यात सोडून ठेवायची आपली पद्धत इथं करू नका, गेटर येतो. सरळ बर्फाचा डबा न्या. आम्ही तर सगळे सोडून दिले कारण साफ कोण करणार, त्यावर पण बाबांचं घरी येईपर्यंत चालू होतं.

खाण्याचं म्हणाल तर डबा न्या. आत छोटं दुकान-कॅफे आहे, गेटरच्या मांसाचे पदार्थ वगैरे, नवऱ्याने खाऊन बघितलं, रबरी चिकन म्हणाला. शाकाहारी माणसाला फ्राइजवर दिवस काढायला लागेल. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही-भात नेला होता, पिकनिकची टेबलं भरपूर आहेत, तिथं बसून खाल्लं. झाकण घट्ट लावा, रकून पिशवी उघडतात. फोनला रेंज कुठं येते कुठं नाही, मॅप आधीच उतरवून घ्या. डासांचं औषध हिवाळ्यात पण लागतं, संध्याकाळी, आणि गवतातून चाललात तर घरी येऊन गोचीड बघा, पायजमा मोज्यात खोचून चालणारे बाबा बघून हसू आलं होतं पण गोचीड मिळाली ती मलाच.

अर्धा स्टार का कापला? गर्दी. फेब्रुवारी-मार्चचा रविवार म्हणजे पुलावर गाड्यांची रांग, पाठीमागून हॉर्न, एका स्पीकरवर गाणी लावलेली, आणि पक्षी पलीकडच्या काठावर. यात पार्कचा काय दोष म्हणा, पण दिवस वाया जायचा तो जातोच. वार बदलता आला तर बदला.

राहायचं असेल तर त्या सीसीसीच्या पोरांनी पामच्या ओंडक्यांच्या बांधलेल्या ५ केबिन अजून भाड्याने मिळतात, एकीत ६ जण मावतात. मिळतात म्हणजे कागदावर. फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी बुकिंग उघडतं आणि बाहेरच्यांना १० महिने आधी, म्हणजे तो एक महिना आपल्याला जास्तीचा आहे तो वापरा. हिवाळ्यातल्या तारखा उघडल्या उघडल्या जातात. बाबांना पुढच्या फेब्रुवारीत परत यायचंय, बास राहिलाय म्हणे, तर मी केबिनच्या मागे आहे. नाहीच मिळाली तर टेंटची साइट घेऊ असं मी सहज बोलले तर आईने तिकीट फक्त बाबांचं काढ म्हणून सांगितलंय.